नानांच्या गाडीचा फोकस: एका हेडलाइटची पूर्ण तपासणी

गाडी पेट्रोलची हॅचबॅक, २०१२ सालची. पुढच्या दिव्यांत एच-४ बल्ब (जवळचा आणि लांबचा, दोन्ही उजेड एकाच बल्बमध्ये), साधा रिफ्लेक्टर आणि वर प्लॅस्टिकची काच. मालक आमच्या पारोळा तालुक्यातले कापूस पिकवणारे शेतकरी, साठीला टेकलेले. गाव त्यांना नाना म्हणतं, मीही तेच म्हणतो. तक्रार त्यांनी एका दमात सांगितली: "रातले काहीच दिखत नही भो, आनि समोरना लोक शिव्या देतस."

या दोन तक्रारी एकत्र आल्या की माझे कान टवकारतात. उजेड कमी असेल तर समोरच्याला त्रास व्हायला नको. समोरच्याचे डोळे दिपावेत इतका उजेड असेल तर आपल्याला रस्ता दिसायला हवा. एकाच गाडीत दोन्ही गोष्टी होत असतील, तर उजेड भरपूर आहे पण पडायचा तिथे पडत नाही. ऑटो इलेक्ट्रिकच्या कामात अशा गाड्या माझ्याकडे सतत येतात आणि दरवेळी मालकाने आधी बल्बवर पैसे घातलेले असतात. म्हणून हे एक प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतो आहे.

प्रसंग दिवाळीनंतरचा, कापसाच्या वेचणीच्या ऐन हंगामातला. नाना आणि काकू धुळ्याहून परत येत होते. महामार्ग ५३, ज्याला आपल्याकडे अजून सहा नंबरच म्हणतात, तो सोडून ते गावाकडच्या अरुंद डांबरी रस्त्याला लागले. वेग ६०च्या आसपास. पुढे कापसाने भरलेली ट्रॉली चालली होती. समोरून एक पिकअप आली, नानांनी डिपर दिला, म्हणजे उजेड खाली घेतला, पिकअपवाल्याने उलट अप्पर, म्हणजे लांबचा उजेड, मारला, आणि ती बाजूने निघून जाते न जाते तोच ट्रॉलीचा फाळका, म्हणजे मागची फळी, बोनेटच्या पुढ्यात होता. नानांनी स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि गाडी चारीत गेली. बंपर फुटला, एक टायर गेला, माणसं वाचली.

ट्रॉलीला लाल दिवा होता, असं ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं, आणि ते खोटं नव्हतं. पण कापूस फाळक्याच्या बाहेर फुगवून भरतात, वरून जाळी किंवा ताडपत्री आवळतात, आणि तो फुगवटा मागचे दिवे नि रिफ्लेक्टर झाकून टाकतो. म्हणजे मागून येणाऱ्याला ती ट्रॉली फक्त स्वतःच्या हेडलाइटच्या उजेडातच दिसणार. आपल्याकडच्या हंगामी रस्त्यावर हे धरूनच चालावं लागतं.

आता हिशेब बघा. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक असतील तर थांबायला आणखी २० मीटर. एकूण ४५. ताशी ८० असेल तर हाच आकडा ६८ ते ७०वर जातो. नानांच्या गाडीचा उजेड किती मीटरवर पडत होता, हा या प्रकरणातला कळीचा प्रश्न.

बोनेट उघडलं तर आत एलईडी बल्ब. शहरातल्या एका दुकानातून दोन वर्षांपूर्वी बसवलेले, खोक्यावर ६५०० केल्विन (हे उजेडाच्या रंगाचं माप) आणि लुमेनचा (हे एकूण उजेडाचं माप) भलामोठा आकडा. मागे छोटा पंखा. तो पंखा आत मावावा म्हणून बसवणाऱ्याने दिव्यामागचा रबरी बूट काढून टाकला होता. परिणामी दोन वर्षांची धूळ थेट दिव्यात गेली होती. उजव्या बल्बचा पंखा तर कापसाच्या तुसाने जाम झालेला, फिरतच नव्हता. एलईडीची चिप तापली की उजेड कमी करते किंवा लवकर मरते. मे महिन्यात ४५ अंशांना पोचणाऱ्या आपल्या मुलखात, इंजिनाशेजारी, बंद पंख्यावर ती चिप काय सहन करत असेल, याची कल्पना करा.

मी विचारलं, "नाना, एलईडी मुळात का बसवले?" ते म्हणाले, जुने बल्ब पिवळे नि मंद पडले होते, म्हणून पुतण्याने आणून दिले. मग सुरुवातीचे दिवस बरे गेले. नंतर समोरच्या गाड्या अप्पर मारायला लागल्या, तेव्हा दुसऱ्या एका मिस्त्रीने स्क्रू पिळून फोकस खाली करून दिला. या तीन वाक्यांत सगळं प्रकरण आलं, पण ते सिद्ध करायला भिंत लागते.

आमच्या वर्कशॉपमागे एका बंद पडलेल्या जिनिंगची लांब भिंत आहे आणि तिच्यासमोर सपाट फरशी. टायरची हवा नीट केली, नानांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, डॅशबोर्डवरचं उजेड खाली-वर करायचं चक्र शून्यावर ठेवलं आणि गाडी भिंतीपासून बरोबर १० मीटरवर उभी केली. दिव्याचा मध्य जमिनीपासून ६५ सेंटीमीटर. भिंतीवर त्याच उंचीला खडूची रेघ मारली आणि तिच्याखाली १० सेंटीमीटरवर दुसरी. डिपरच्या उजेडाची वरची कड या दुसऱ्या रेघेवर यायला हवी. १० मीटरला १० सेंटीमीटर उतार म्हणजे एक टक्का. ६५ सेंटीमीटर उंचीचा दिवा एक टक्का उतरत गेला की उजेडाची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते.

नानांच्या गाडीचा दाट उजेड भिंतीवर ३५ सेंटीमीटरच्या उंचीला पडत होता. म्हणजे १० मीटरमध्ये ३० सेंटीमीटर उतार, तीन टक्के. ६५ला तीनने भागा: २२ मीटरच्या आत खेळ खलास. थांबायला ४५ मीटर हवेत आणि उजेड २२ मीटरवर संपतो. ट्रॉली दिसली तेव्हा उशीर झाला होता, असं नाना सांगत होते. त्यांचं काही चुकलं नव्हतं, ट्रॉली दिसण्याजोगी झालीच मुळी तेव्हा.

पण खरी गोम त्या दाट उजेडाच्या वर होती. तिथे स्वच्छ कड नव्हतीच. धुरकट पांढरा उजेड भिंतीवर पार माणसाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत चढला होता, आणि उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या बाजूला, जास्त. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, गाडीच्या उजव्या बाजूला अर्धा मीटर सरकून, दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला उजेडाने दिपता कामा नये. मी नानांच्या पुतण्याला टेप लावून त्याच जागी उभं केलं आणि डोळे दीड मीटरला येतील इतकं वाकायला सांगितलं. त्याने दोन सेकंदांत हात डोळ्यांवर घेतला. फोकस तीन टक्के खाली पिळलेला असूनही.

असं का होतं, ते एच-४ बल्ब हातात घेतल्यावर कळतं. मी शेल्फवरचा नवा हॅलोजन, म्हणजे तारेचा साधा बल्ब, काढून पुतण्याच्या हातावर ठेवला, बुडाला धरून, कारण काचेला बोट लागलं की तिथला तेलाचा डाग तापून काच लवकर जाते. आत दोन फिलामेंट असतात. मागची अप्परची, ६० वॉट. पुढची डिपरची, ५५ वॉट, आणि तिच्याखाली नखाएवढी पत्र्याची वाटी. ही वाटी खालच्या दिशेचा उजेड अडवते. त्यामुळे डिपरवर रिफ्लेक्टरचा फक्त वरचा भाग उजळतो आणि वरच्या भागावर आपटलेला उजेड खाली रस्त्याकडे जातो. भिंतीवर दिसणारी स्वच्छ कड म्हणजे या वाटीच्या काठाची प्रतिमा. वाटीची एक बाजू तिरकी कापलेली असते, म्हणून डावीकडे ती कड १५ अंशांनी वर चढते आणि रस्त्याच्या डाव्या कडेचा सायकलवाला, पायी चालणारा, बैलगाडी लांबून दिसते. उजवीकडे कड सपाट राहते, समोरच्याच्या डोळ्यांखाली. १९७१पासून चालत आलेली ही रचना आजही इतकी कामाची आहे, याचं मला मनापासून कौतुक आहे.

रिफ्लेक्टरचा प्रत्येक भाग त्या बारीक तारेची जागा आणि आकार धरून घडवलेला असतो. तार एखादा मिलिमीटर पुढेमागे झाली तरी भिंतीवरचं चित्र विस्कटतं. नानांच्या एलईडीत तारेच्या जागी धातूची पट्टी होती, पट्टीच्या दोन्ही अंगांना चिपा, आणि वाटी नावाला. उजेड निघण्याची जागा वेगळी, आकार वेगळा, दिशा वेगळी. मग रिफ्लेक्टर बिचारा जे मिळेल ते कुठेही फेकतो. त्यातला बराच गाडीच्या नाकासमोर पडतो. पहिले दहा-पंधरा मीटर लख्ख पांढरे दिसतात आणि ड्रायव्हरला वाटतं, वा, काय उजेड आहे! पण डोळा त्या लख्ख पट्ट्याला जुळवून घेतो, बाहुली आकसते, आणि पलीकडचा अंधार आणखी गडद होतो. सुरुवातीचे बरे दिवस ते हेच. अप्परची गत त्याहून वाईट निघाली. हॅलोजनचा अप्पर मधोमध एक दाट ठिपका करतो, तोच लांब जातो. इथे ठिपका नव्हताच, सगळा उजेड भिंतभर पातळ पसरलेला.

पुतण्याने रास्त प्रश्न विचारला. "भाऊ, माझ्या गाडीत कंपनीचेच एलईडी आहेत. ते कसे चालतात?" त्याची नवी गाडी मी शेजारी लावायला सांगितली. प्रोजेक्टरचे, म्हणजे भिंगातून उजेड टाकणारे दिवे, भिंतीवर सुरीने कापल्यासारखी कड, डावीकडे चढती, वर जवळपास काळोख. एलईडीत खोट नाही. त्या दिव्यात चिप, तिच्यासमोरचा पडदा आणि भिंग ही सगळी मोजमापं एकमेकांसाठी ठरवलेली असतात. जर्मनीत २०२०पासून हॅलोजनच्या जागी बसणारे काही एलईडी बल्ब मंजूर झाले आहेत, पण तेही ठराविक मॉडेलच्या ठराविक दिव्यांत तपासूनच. कुठल्याही एच-४ला चालेल, असं खोक्यावर लिहिलेलं असेल तर ते कुणी कुठल्या दिव्यात तपासलं, हे विचारायला हवं.

मग मूळ दुखण्याकडे वळलो. हॅलोजन मंद का पडले होते? जुने बल्ब नानांनी जपून ठेवले होते, ते परत लावले. इंजिन चालू, बॅटरीवर १४.१ व्होल्ट. होल्डरच्या पिनांवर मीटर लावला तर ११.९. दोन व्होल्टहून जास्त वाटेतच मुरत होते: जुनी बारीक वायर, स्टिअरिंगजवळच्या स्विचचे जळके पॉइंट, गंजलेली अर्थिंग. हॅलोजनच्या बाबतीत हे फार महाग पडतं, कारण व्होल्टेज जरा उतरलं की उजेड त्याच्या कितीतरी पट उतरतो. १० टक्के व्होल्टेज कमी म्हणजे ३० टक्के उजेड कमी. एच-४चा ठरलेला उजेड, डिपरला १००० लुमेन आणि अप्परला १६५०, हा १३.२ व्होल्टला मोजलेला असतो. ११.९ला नानांना मिळत होते ७००च्या आसपास. त्यावर पिवळी पडलेली प्लॅस्टिकची काच. एलईडी कमी करंट ओढतो, म्हणून त्या वायरिंगवरही तो झगमगला आणि दोष झाकला गेला. रोग तारेत नि काचेत होता, औषध बल्बला दिलं गेलं.

काम असं केलं. बॅटरीपासून फ्यूज टाकून जाड वायर काढली, अप्पर आणि डिपरला वेगळे रिले बसवले, त्यामुळे जुना स्विच आता फक्त रिलेला इशारा देतो, दिव्याचा करंट त्यातून जात नाही. अर्थिंग घासून नव्या जागी घट्ट केली. होल्डर बदलले. होल्डरवर आता १३.३ व्होल्ट मिळतात, म्हणजे त्याच बल्बचा उजेड निव्वळ वायरिंगने जवळपास दीडपट झाला. हे नानांना भिंतीवर दाखवलं तेव्हा त्यांनी मला दोनदा मीटर लावायला लावला.

काचेला १०००, २००० आणि ३००० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यातून फिरवला, पॉलिश केलं आणि वरून यूव्ही रोखणारा क्लिअर कोट मारला. टूथपेस्टने घासून काच चकचकीत करून देणारे पुष्कळ आहेत. पण वरचा संरक्षक थर गेल्यावर नवा थर दिला नाही तर आपल्या उन्हात ती पुन्हा पिवळी पडते. आतली धूळ कोरड्या हवेने हळू उडवली. रिफ्लेक्टरवर फडकं फिरवायचं नाही, त्याचा चंदेरी मुलामा इतका पातळ असतो की पुसताना निघून येतो. रबरी बूट नवे घातले.

बल्ब साधेच, ६०/५५ वॉटचे, नावाजलेल्या कंपनीचे, गोलात ई आणि आकडा (युरोपच्या मंजुरीची खूण) असलेले. इथे पुतण्याशी बराच वाद झाला. त्याला निळसर काचेचे हवे होते. निळा रंग म्हणजे काचेवर चढवलेली गाळणी, ती उजेड कमीच करते, आणि निळसर पांढरा उजेड समोरच्याच्या डोळ्यांना जास्त खुपतो. मग त्याने १००/९० वॉटचं नाव काढलं. ९० वॉट म्हणजे साडेसात अँपिअर. जुन्या वायरिंगवर तो आणखी व्होल्टेज खाली ओढेल, होल्डर वितळवेल, रिफ्लेक्टर करपवेल, आणि कायद्यातही बसत नाही. जास्त उजेडाचे ६०/५५ मिळतात, त्यांची तार बारीक आणि जास्त तापणारी असते, आयुष्य कमी. रोज रात्री चालवणाऱ्याने ते घ्यायला माझी हरकत नाही. नानांना गरज नव्हती.

एचआयडी किटबद्दल (त्यात तारेऐवजी वायूतल्या ठिणगीचा उजेड असतो) एवढंच की ३५ वॉटमध्ये ३२०० लुमेन देणारा तो दिवा प्रोजेक्टरमध्ये फार सुंदर चालतो. पण युरोपच्या नियमांत २००० लुमेनच्या वरचा डिपर असेल तर आपोआप उंची सांभाळणारी यंत्रणा आणि काच धुणारी फवारणी सक्तीची आहे. हॅलोजनच्या उघड्या रिफ्लेक्टरमध्ये असा बल्ब घुसवणं हा समोरच्यावर उघड अन्याय आहे. दिवा उघडून आत प्रोजेक्टर बसवणं हा खर्चिक पण विचार करण्याजोगा मार्ग. त्यात बाहेरून आलेले काही प्रोजेक्टर उजव्या बाजूने चालणाऱ्या देशांसाठी बनवलेले असतात, त्यांची कड उजवीकडे चढते. आपल्या रस्त्यावर ती नेमकी समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात जाते. शिवाय मूळ रचनेत बदल म्हणून मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम आड येतं. या गाडीसाठी मी तो सुचवला नाही.

शेवटचं काम फोकसचं, आणि वेळ सगळ्यात जास्त त्यालाच गेला. एका दिव्यावर गोणपाट टाकून दुसरा लावायचा. उजव्या दिव्याचा स्क्रू नुसताच फिरत होता. आतला प्लॅस्टिकचा गोळा खोबणीतून निसटलेला होता, दिवा खोलून तो बसवावा लागला. मग कड खालच्या रेघेवर आणि कोपरा, जिथून डावीकडची चढण सुरू होते, तो बरोबर दिव्याच्या मध्यासमोर. डावा दिवा लागला, उजवा लागला, दोन्ही एकत्र बघितले. पुतण्या परत ८ मीटरवर जाऊन वाकला आणि तसाच उभा राहिला, हात खिशात.

रात्री त्याच गावरस्त्यावर गेलो. डाव्या कडेला बाभळीच्या फांदीवर एक काळपट पोतं अडकवलं आणि नानांनी सावकाश गाडी आणली, दिसल्यावर थांबायचं. आधी एलईडीवर ३० मीटरच्या आत आल्यावर पोतं दिसत होतं. आता डिपरवरच साठेक मीटरवरून दिसलं, कारण डावीकडची चढती कड तिथवर पोचते. अप्परवर त्याच्या दुपटीहून लांब. नानांना मी आकडा सांगितला आणि सोबत वेगही: डिपरवर चालताना ६०च्या वर जायचं नाही. नीट लावलेला डिपरसुद्धा ८०ला पुरत नाही.

दोन गोष्टी दिव्याबाहेरच्या. विंडशील्डच्या आतल्या बाजूला प्लॅस्टिकच्या वाफेचा आणि धुळीचा पातळ थर बसला होता, तो समोरच्या दिव्याचा उजेड काचभर पसरवत होता. साबणाच्या पाण्याने आणि कागदाने तो निघाला. दुसरी गोष्ट नानांचे डोळे. समोरच्या दिव्याभोवती त्यांना कडी दिसायची आणि गाडी गेल्यावर बराच वेळ अंधारी यायची. मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं, मोतीबिंदू निघाला. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली आहे, तोवर रात्री गाडी पुतण्या चालवतो.

डॅशबोर्डवरचं चक्र कशासाठी असतं, हे त्या दोघांनाही माहीत नव्हतं. मागे तिघं बसले आणि डिकीत सरकीची पोती टाकली की गाडीचं नाक वर उठतं आणि नीट लावलेला डिपरही समोरच्याच्या डोळ्यात जातो. तेव्हा चक्र दोनवर, गाडी रिकामी झाली की परत शून्यावर. पुतण्याने ते करून बघितलं आणि भिंतीवर उजेड खाली सरकताना पाहून स्वतःच्या गाडीतलं चक्र शोधायला गेला. जाताना त्याने माझ्याकडून लाल रिफ्लेक्टर पट्टीचा एक रोल नेला, घरच्या ट्रॉलीच्या फाळक्याला नव्हे, वरच्या ताडपत्रीच्या मागच्या कडेला शिवायला, म्हणजे कापूस कितीही फुगला तरी ती झाकली जाणार नाही.